खडकांची फेरमांडणी : जानेवारी ते मार्चच्या नोंदी

४ जानेवारी

सकाळी दिवे लागण्यापूर्वी प्रवाळ आणि मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपाशी गेलो तेव्हा उजवीकडचा वरचा मोठा दगड तीन बोटे खाली सरकलेला दिसला. त्याच्या कडेखाली सापडून स्टायलोफोरा या प्रवाळाची एक गुलाबी फांदी चिरडली गेली आहे. बाकी झुडूप शाबूत आहे. दगड पुढे कलंडण्याऐवजी मागे टेकला म्हणून काच वाचली. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. पिस्टल कोळंबी आणि तिच्या सोबतीने राहणारा गोबी मासा यांचे बीळ गेले दोन महिने याच दगडाखाली वाढत होते, आणि बिळाच्या तोंडाशी साचलेला वाळूचा ढीग मी रोज कौतुकाने पाहत होतो. कोळंबीला फारसे दिसत नाही. ती एक मिशी गोबीच्या अंगाला लावून खणत राहते आणि गोबीने शेपटी हलवली की आत पळते. ही जोडी पाहण्यासाठीच मी ती आणली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. टाकी लावताना मी आधी वाळू पसरली आणि वाळूवर दगड रचले, चूक तिथे झाली. दगड थेट तळाच्या काचेवर बसवून वाळू नंतर ओतायला हवी होती.

तूर्त सरकलेल्या दगडाखाली पीव्हीसी नळीचा तुकडा टेकू म्हणून घातला आहे.

७ जानेवारी

टेकू देऊन भागवावे की सगळेच उतरवावे, हे ठरवण्यासाठी आधी प्रवाह पाहिला. टाकी १२० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद आणि पाण्याची उंची ५० सें.मी. दोन्ही बाजूंना एकेक पॉवरहेड, म्हणजे पाण्यात प्रवाह खेळवणारा पंप आहे. जिवंत दगड सुमारे ३८ किलो, आणि तो सगळा मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखा रचलेला. चिमूटभर खाद्य बोटांनी अगदी बारीक करून पिपेटने वेगवेगळ्या ठिकाणी सोडले. पुढच्या मोकळ्या भागात कण क्षणात वाहून गेले. भिंतीच्या मागे सोडलेले कण मात्र जागच्या जागी घुटमळले आणि वीस सेकंदांत खाली बसले. टॉर्च लावून बाजूच्या काचेतून पाहिले तर मागच्या तळाशी राखाडी गाळाचा बोटभर जाड थर होता.

दगडाचे काम पाण्यावाचून होत नाही. त्याच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू संपलेला असतो, तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नायट्रोजन वायू मोकळा करतात. दोन्ही कामांसाठी पाणी दगडाच्या सर्व बाजूंनी हळूहळू का होईना, खेळते हवे. माझ्या भिंतीची मागची निम्मी बाजू गाळाखाली झाकली गेल्यामुळे ३८ किलोंपैकी किती किलो प्रत्यक्षात काम करत होते, याची शंका येते. तेव्हा सगळे उतरवायचे, हे आज नक्की झाले.

११ जानेवारी

कागदावर तीन आराखडे काढले आणि तिन्ही फाडले. प्रत्येक वेळी मी दगड कुठे ठेवायचा याचाच विचार करत होतो. चौथ्या वेळी आधी रिकाम्या जागा आखल्या: चारही काचांपासून किमान ८ सें.मी., म्हणजे काच घासायची पट्टी आणि हात दोन्ही आत जातील. मधोमध २० सें.मी. रुंदीची वाळूची घळ, थोडी डावीकडे सरकलेली आणि तिरकी, जेणेकरून उजव्या पॉवरहेडचा झोत घळीतून मागे जाऊन वळेल. आणि घळीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्या दगडी बेटांच्या पोटात आरपार भोक. उरलेल्या जागेत जेवढा दगड मावेल तेवढाच ठेवायचा. अंदाजे हिशेब २६-२७ किलोंचा निघतो. राहिलेल्यातले काही संपमध्ये (टाकीला जोडलेल्या दुसऱ्या लहान टाकीत) जाईल, म्हणजे जिवाणूंचा आणि दगडात वाढणाऱ्या सूक्ष्म कोपेपॉडांचा साठा एकदम तुटणार नाही. बाकीचा पिंपात, हीटर आणि लहान पंप लावून, अंधारात.

जिवंत दगड आणि प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र) या दोघांवरच भिस्त ठेवणाऱ्या पद्धतीला बर्लिन पद्धत म्हणतात आणि माझी टाकी त्याच पद्धतीची आहे. वेगळा जैविक फिल्टर नसल्यामुळे अकरा किलो दगड एका दिवसात बाहेर काढण्याचे धाडस मी केले नसते. संपमुळे ते जमण्यासारखे वाटते.

१८ जानेवारी

आज फक्त आयप्टेशिया. पारदर्शक तपकिरी रंगाची ही लहान समुद्रफुले सात मोजली. हात लावला की ती भोकात आक्रसतात, आणि ओरबाडून काढायला गेले तर मागे राहिलेल्या कणभर तुकड्यातून पुन्हा उगवतात. दगड हलवताना ती फाटून टाकीभर पसरू नयेत म्हणून आधीच निकाल लावणे बरे. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजमध्ये भरली, पंप बंद केले आणि सुई थेट तोंडाशी नेऊन पेस्ट सोडली. या पेस्टने पीएच चढतो, त्यामुळे आज चार आणि उरलेली तीन उद्या.

१ फेब्रुवारी

तयारीची नोंद. आरओ-डीआय पाण्यात (गाळून क्षार काढलेल्या) मीठ मिसळून १२० लिटर नवे पाणी तयार ठेवले आहे. लिटरला साधारण ३७ ग्रॅम प्रमाणे जवळजवळ साडेचार किलो मीठ लागले. रात्रभर पंपाने ढवळून आज सकाळी विशिष्ट गुरुत्व १.०२६ आणि तापमान २५.५ अंश भरले, टाकीइतकेच.

झाकणाचे चार टब, दोन बादल्या, खांद्यापर्यंतचे हातमोजे, डोळ्यांवर घालायचा चष्मा, छिन्नी, हातोडी, बॅटरीवर चालणारे ड्रिल, १० मि.मी.च्या ॲक्रिलिकच्या कांड्या, दोन भागांची इपॉक्सी पुटी, जेलसारखा सायनोॲक्रिलेट गोंद, ताजा कार्बन. ड्रिल बॅटरीचेच हवे. खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या हातात विजेच्या जोडणीचे हत्यार धरणे म्हणजे नसता उद्योग.

चष्म्याबद्दल थोडे लिहून ठेवतो, कारण एरवी मी तो घालायचा कंटाळा करतो. डाव्या बाजूच्या दोन दगडांवर पॅलिथोआ या प्रवाळासारख्या मऊ जिवांची वसाहत आहे. या जातीच्या काही जिवांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते आणि दगड दाबला गेला की ते जीव पाण्याची चिळकांडी मारतात. हे दगड घासायचे नाहीत, त्यांच्यावर ड्रिल चालवायचे नाही, आणि कोणताही दगड «स्वच्छ» करण्यासाठी उकळायचा तर मुळीच नाही, कारण वाफेबरोबर ते विष श्वासात जाते.

आजचे आकडे: अमोनिया ०, नायट्रेट लिटरला ८ मि.ग्रॅ., क्षारता (खारेपणा नव्हे, पाण्यातल्या कार्बोनेटांचे माप) ८.२ डीकेएच या एककात, कॅल्शियम लिटरला ४२० मि.ग्रॅ.

३ फेब्रुवारी

मुख्य दिवस. सकाळी साडेसातला सुरुवात केली, दिवे पूर्ण बंद ठेवून. संपमधला हीटर आधी बंद केला. पाण्याची पातळी खाली गेल्यावर तापलेला हीटर उघडा पडला की त्याची काच तडकते. गाळ ढवळण्याआधी १४० लिटर स्वच्छ पाणी टबांत काढून घेतले. पातळी जवळजवळ २० सें.मी. खाली गेली आणि वरचे दगड हाताशी आले.

प्रवाळ आधी निघाले. सुटे तुकडे एका टबात, आणि टॉर्च प्रवाळ दुसऱ्या टबात एकटा, कारण त्याचे डंख मारणारे तंतू शेजाऱ्याला अंधारातही सोडत नाहीत. मऊ लेदर प्रवाळही वेगळा. त्याला धक्का लागला की तो पाण्यात रसायने सोडतो आणि कठीण प्रवाळांना ती बाधतात. मग एकेक दगड. प्रत्येक दगड पाण्यातच टबात सरकवला, हवेत शक्य तितका कमी वेळ राहील असा. प्रवाळ काही मिनिटे हवा सोसतात, पण दगडाच्या भोकांतल्या स्पंजांच्या छिद्रांत हवा अडकली की ते मरतात, आणि मेलेला स्पंज म्हणजे पुढच्या आठवड्याचा अमोनिया.

एक गंमत म्हणून एक दगड काट्यावर टांगून पाहिला. पाण्याबाहेर निथळल्यावर ५.२ किलो, तोच पाण्यात बुडवलेला असताना २.९ किलो. बाहेर मांडून पाहिलेली रचना पाण्यात गेल्यावर वेगळी वागते याचे कारण हेच: पाण्यात दगड हलका होतो, त्यामुळे स्वतःच्या वजनाने घट्ट बसत नाही आणि मोठ्या टँग माशाच्या धक्क्यानेही डुलतो.

तळाचे तीन दगड उचलताना वास आला. सडक्या अंड्यांचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा. मागच्या कोपऱ्यात दगडाखालची वाळू चार सें.मी. खोलीपर्यंत शाईसारखी काळी होती. खिडक्या उघडल्या, जाड नळीने तेवढी काळी वाळू आणि तिच्यासोबतचे पाणी सरळ बादलीत ओढून टाकून दिले. त्यातले थेंबभरही टाकीत परत गेले नाही. बाकीच्या वाळूला हात लावला नाही. तिच्यातही जिवाणू आहेत आणि आज दोन्ही घरे एकाच वेळी मोडण्यात अर्थ नव्हता. फक्त जिथे नवी बेटे बसणार तेवढ्या जागेची वाळू बाजूला सारून तळाची काच उघडी केली.

टबात काय काय निघाले ते लिहून ठेवण्यासारखे आहे. पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचे ब्रिटल स्टार, ज्यांचे फक्त हातच आजवर भोकांबाहेर दिसत. चपट्या कवचाच्या स्टोमाटेला गोगलगायी. एक वीतभर लांब ब्रिसल वर्म, ज्याचे केस मोज्याच्या फटीतून मनगटात घुसले. चिकटपट्टी लावून ओढल्यावर बहुतेक निघाले, आग संध्याकाळपर्यंत राहिली. पिस्टल कोळंबी मात्र कुठेच दिसेना. शेवटी दुसऱ्या टबाला कान लावला तेव्हा आतून «टक्» असा कोरडा आवाज आला, काचेवर खडा मारल्यासारखा. तिची नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो; आवाज त्या फुटण्याचा असतो. कोळंबी दगडाच्या पोटातच होती, म्हणून तो दगड तसाच राहू दिला आणि सर्वांत शेवटी बसवला.

उजवे बेट आधी उभे केले. तळाला तीन दगड, तिन्ही काचेवर, आणि जिथे टोक टेकते तिथे ३ मि.मी. ॲक्रिलिकचा तुकडा, म्हणजे सगळा भार काचेच्या एका बिंदूवर येत नाही. वरचा प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकेल असा फिरवून फिरवून पाहिला. चार ठिकाणी टेकणारा दगड बहुधा डुगडुगतो, तिपाई डुगडुगत नाही. जिथे नैसर्गिक बसकण मिळाली नाही तिथे दोन्ही दगडांना भोके पाडून कांडी घातली आणि सांध्यात पुटी दाबली. पुटी एकटी ओल्या दगडाला धरत नाही, तिच्या दोन्ही तोंडांना गोंद लावला तर धरते. बहीण पलीकडच्या बाजूने धरायला होती, मी तीन वेळा «बसला» म्हटले आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, «दादा, हलतोय.» तिचेच बरोबर होते. चौथ्या वेळी पुटीचा गोळा दुप्पट केला आणि पंधरा मिनिटे दोघे काही न बोलता दगड धरून उभे राहिलो.

दुपारी दोन वाजता डाव्या बेटाचा पहिला दगड खाली नेत असताना लक्षात आले की पिवळा रॅस टबातल्या माशांत नाही. हा मासा घाबरला की वाळूत शिरतो. वाळू उपसून त्याला शोधणे म्हणजे त्याला आणखी खोल घालवणे. दगड परत टबात ठेवला आणि टॉर्च मंद करून काचेशी बसलो. अर्ध्या तासाने पुढच्या डाव्या कोपऱ्यात, मी दगड ठेवणार होतो तिथून हातभर अंतरावर, वाळूत डोळ्याचा काळा ठिपका दिसला. काचेवर बाहेरून खडूने खूण केली आणि डावे बेट आराखड्यापेक्षा सहा सें.मी. मागे बसवले. घळ त्यामुळे थोडी अधिक तिरकी झाली. ती आराखड्यातल्यापेक्षा चांगली दिसते, हे मान्य करायला हवे.

टाकीत परत गेलेला दगड २७ किलो, संपमध्ये ६, पिंपात ५. संध्याकाळी सहाला जुने १४० पैकी वरचे निवळ ६० लिटर आणि सर्व नवे पाणी भरून पंप सुरू केले. तळाचे गढूळ ८० लिटर टाकले, आणि काळ्या वाळूसोबत व धुण्यात आणखी चाळीसेक लिटर गेले होते. नवा कार्बन घातला. इपॉक्सीमुळे स्किमर तासाभरात उतू गेला. अपेक्षित होते, पेला काढून तो तसाच चालू ठेवला. रात्री दहाला अमोनिया ०.२५.

४ फेब्रुवारी

सकाळी अमोनिया ०.५. पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी वाटा मोठा, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असल्याने गोड्या पाण्यात खपून जाणारा आकडा इथे काळजीचा ठरतो. ४० लिटर पाणी बदलले, माशांना आज खाद्य नाही. रॅस दुपारी वाळूतून बाहेर आला आणि काही घडलेच नाही अशा थाटात फिरू लागला.

दिवे नेहमीच्या तीव्रतेच्या ६० टक्क्यांवर ठेवले आहेत. बरेच प्रवाळ आधीपेक्षा वर आले आहेत. एकदम पूर्ण प्रकाश दिला तर त्यांच्या अंगातली शैवाले निघून जाऊन ते पांढरे पडतील. दर तीन दिवसांनी पाच टक्के वाढवायचे, म्हणजे २८ तारखेला पूर्ण.

६ फेब्रुवारी

अमोनिया ०. स्किमर शांत झाला.

८ फेब्रुवारी

माझी चूक. क्षारता मोजली तर ९.४. प्रवाळ सांगाडा बांधताना वापरतात ती क्षारता भरून काढणारा डोसिंग पंप आधीच्याच हिशेबाने, रोज ०.९ डीकेएच भरून काढेल इतका डोस देत होता, पण धक्का बसलेले प्रवाळ वाढत नाहीत आणि मागच्या काचेवरचे कोरलाइन शैवाल मी घासून काढले होते. त्यामुळे खप ०.६ च्या आसपास उतरला. रोजचे ०.३ चार दिवस साचले. दगडांकडे बघण्याच्या नादात चाचणी करायची राहून गेली. डोस दोन-तृतीयांश केला आहे, आकडा आपोआप उतरू द्यायचा. आम्ल घालून खाली ओढण्याइतके काही बिघडलेले नाही. स्टायलोफोराची टोके किंचित फिकट आहेत.

माशांमध्ये हद्दींची भांडणे पुन्हा नव्याने चालू आहेत. टँगला जुनी झोपायची कपार सापडत नाही. क्लाउनफिशची जोडी मात्र पॉवरहेडखालच्या कोपऱ्यातच परत गेली, जिथे पूर्वीही होती. तिला दगडांशी देणेघेणे नसावे.

१७ फेब्रुवारी

डाव्या बेटाच्या मागच्या पायथ्याशी गर्द तांबड्या-तपकिरी रंगाचा बुळबुळीत पापुद्रा दिसतो आहे: सायनोबॅक्टेरिया. ढवळलेला गाळ आणि तिथे मंदावलेला प्रवाह, दोन्ही कारणे असणार. अँटिबायोटिक घालण्याचा सल्ला मला पटत नाही; ज्या जिवाणूंसाठी एवढा खटाटोप केला त्यांच्याच मुळावर ते येऊ शकते. पापुद्रा बारीक नळीने ओढून घेतला आणि डावे पॉवरहेड बोटभर खाली कलवले. खाद्याचे कण सोडून पाहिले तर आता ते त्या कोपऱ्यातून बाहेर पडतात.

उजव्या बेटाच्या भोकात एक आयप्टेशिया. आठवे माझ्या मोजणीत सुटले होते.

२८ फेब्रुवारी

दिवे आज पूर्ण तीव्रतेवर आले. क्षारता ८.३, आणि खप पुन्हा ०.८ वर गेला आहे, म्हणजे प्रवाळांनी वाढ सुरू केली. चिरडलेल्या स्टायलोफोराच्या फांदीच्या कडेने गुलाबी ऊतीची बारीक किनार पसरताना भिंगाखाली दिसते. पुटीचे पांढरे सांधे अजून डोळ्यांत खुपतात. त्यांच्यावर कोरलाइनचे टाचणीच्या टोकाएवढे जांभळे ठिपके उमटू लागले आहेत. नायट्रेट ५.

१२ मार्च

७ जानेवारीचीच चाचणी, तसेच चिमूटभर खाद्य. मागच्या काचेपाशी सोडलेले कण घळीतून पुढे आले, उजव्या बेटाला वळसा घालून पुन्हा मागे गेले आणि ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांतून संपमध्ये उतरले. एका जागी मात्र, उजव्या बेटाच्या पोटातल्या भोकात, काही कण अजून बसतात. तिथे पिपेटने आठवड्यातून एकदा फुंकर घालणे एवढाच उपाय मला दिसतो. भोक लहान झाले, हे मांडतानाच कळायला हवे होते.

पिस्टल कोळंबी आणि गोबी यांनी उजव्या बेटाखाली नवे बीळ खणले आहे. दोन दगडांच्या मधली वाळू त्यांनी इतकी उपसली की आज तळाची काच आणि ॲक्रिलिकचा तुकडा उघडे दिसतात. लांब काठीने वरचा दगड चारही बाजूंनी ढकलून पाहिला; हलला नाही. गोबीने शेपटी झटकली, कोळंबी आत गेली आणि मिनिटभराने पुन्हा नांग्यांत वाळू धरून बाहेर आली.

पिंपातले ५ किलो दगड अजून तसेच आहेत. टाकीत ठेवायला जागा शोधली तर सापडेल, शोधणार नाही.